खडूची खूण

माझ्या आईने मला बजावलं होतं. आमच्याकडे चार दिवस राहून परत निघताना, पायात चप्पल सरकवत ती म्हणाली, "तुझ्या सासऱ्यांकडे जरा लक्ष दे. मी जे जे बोलले त्याला ते हो म्हणाले. विहिणीचं इतकं कुणी ऐकत नसतं."

मी हसले. म्हटलं, "आई, ते सभ्य आहेत. तुला सवय नाही."

"तुझे वडीलही सभ्यच होते. तरी दहातलं एक खोडून काढायचे." एवढं बोलून ती रिक्षात बसली.

मी ते तिथेच सोडून दिलं. एरवी मी काही सोडून देणाऱ्यांतली नाही. मुलगी झाल्यापासून काळजी ही माझी पूर्णवेळची नोकरी आहे. टेबलाच्या कोपऱ्यांना स्पंज, खालच्या कपाटांना कड्या, जिन्याला फाटक. मुलगी या क्षणी कुठे आहे हे घरभर कळावं म्हणून मी तिला शिट्टीचे बूट घालते. पाऊल टाकलं की चूं. दोन वर्षांची आहे, आणि ओरडली की पलीकडच्या गल्लीतले लोक खिडक्या लावतात, म्हणून आम्ही तिला टिटवी म्हणतो. एवढा सगळा पहारा करून, ज्या माणसाकडे बघ म्हणून सांगितलं होतं त्याच्याकडे मात्र मी बघितलं नाही.

बाबा, म्हणजे माझे सासरे, रेल्वेच्या यार्डात चाकं ठोकून बघायच्या कामावर होते. एकतीस वर्षं. गाडी थांबली की लांब दांड्याची हातोडी घेऊन एकेका डब्यापाशी जायचं, प्रत्येक चाकावर एक ठोका, आणि कान द्यायचा. धड चाक घंटेसारखं वाजतं. आत तडा असेल तर आवाज बसतो. चाक धड निघालं की त्यावर खडूने बरोबरची खूण करून पुढे. निवृत्तीनंतर हातोडी जमा करावी लागली, पण खडूची सवय काही जमा झाली नाही. अजून त्यांच्या शर्टाच्या खिशात एक तुकडा असतोच, आणि दर धुण्याला मी तो काढायला विसरते.

त्यामुळे आमच्या घरात कुठलीही वस्तू आली की आधी बाबांपुढे जाते. लग्न झाल्यावर मी काचेचे सहा पेले घेतले, तेव्हा त्यांनी दुकानातच सहाही पेल्यांना टिचकी मारली आणि दोन परत दिले. दुकानदार वैतागला, तर म्हणाले, "तुमचे पेले स्वतःच सांगताहेत, मी कुठे काय बोललो?" कलिंगड, मातीची कुंडी, स्वयंपाकघरातली नवी फरशी, सगळं वाजवून घ्यायचं. मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकले आहे, कंपनं कशी पसरतात आणि कुठे अडतात हे मला कागदावर मांडता येतं; पण बाबांची टिचकी माझ्या पदवीपेक्षा जास्त जाणते हे मी पहिल्याच वर्षी मान्य करून टाकलं.

आता गाडीचं सांगते. घराला लागून पत्र्याची एक शेड आहे. तिथे माझा नवरा आणि बाबा मिळून दोन वर्षं एक हॉट रॉड बांधत होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जुन्या काळच्या गाडीची बॉडी घ्यायची, तिचे मडगार्ड काढून टाकायचे, इंजिन उघडं ठेवायचं, मागे रुंद चाकं, पुढे बारीक चाकं, आणि गाडी जमिनीलगत बसवायची. सगळं पूर्वी पोरं गॅरेजात करायची तसंच करायचं, नवा पार्ट दिसता कामा नये. पुढे झाकायला काहीच नसतं. त्यामुळे दोन चाकं आणि त्यांना जोडणारा आडवा लोखंडी दांडा, म्हणजे पुढचं अ‍ॅक्सल, हाच गाडीचा चेहरा. नवरा म्हणतो तसं, "बाकी सगळं चुकलं तरी चालेल, नाक सरळ पाहिजे."

सासूबाई गेल्यानंतरच्या महिन्यात हे काम सुरू झालं. बाबा तेव्हा दिवसभर खुर्चीत बसून असायचे. नवऱ्याने कुठून तरी एक गंजलेली बॉडी ओढत आणली आणि म्हणाला, "बाबा, ही वाजवून द्या." बाबा उठले. म्हणून ती शेड, तो धूळधुराळा, बैठकीच्या खोलीत आलेला गिअरबॉक्स, याबद्दल मी कधी तोंड उघडलं नाही.

पण गाडी पुरी झाली की तिच्यात माझी मुलगी बसणार होती. पहिली फेरी टिटवीला, असं बाबांनी तिला कबूल केलं होतं, आणि ती रोज सकाळी उठून "गाई, भुर्र" म्हणून शेडच्या दाराशी उभी राहायची. माझी झोप उडवायला एवढं पुरेसं होतं.

चाकांचं आधी ठरलं. नवऱ्याला पुढे आऱ्यांची चाकं हवी होती, एकेकाला बत्तीस तारा. मी म्हटलं, पत्र्याची साधी बंद चाकं लाव ना, भक्कम दिसतात.

"भक्कम दिसतात म्हणजे दुधाच्या गाडीची दिसतात," तो म्हणाला. "बाबा, तुम्ही सांगा. आरे की पत्रा?"

"हो," बाबा म्हणाले.

"हो काय?"

बाबांनी त्याच्याकडे बघितलं, मग त्याच्या हातातल्या चाकाकडे बघितलं. "आरे," ते म्हणाले. "प्रत्येक आरा वाजवता येतो. पत्र्याचं पोट कोण बघणार?"

मला ते पटलं. उत्तराला लागलेला वेळ मी मोजला नाही.

अ‍ॅक्सल आणलं ते गंजूशेठने. जुन्या पार्टांचा व्यापारी, खरं नाव कुणाला ठाऊक नाही, गंज विकतो म्हणून गंजूशेठ. रविवारी सकाळी त्याने टेम्पोतून दोन दांडे उतरवले. एक नवा, कारखान्यातून आलेला. दुसरा जुना घडीव, कुणीतरी फार पूर्वी भट्टीत तापवून दोन्ही टोकांशी वाकवलेला, म्हणजे मधला भाग खाली येतो आणि गाडीचं नाक झुकतं. जुन्याची वळणं खरंच सुंदर होती. हे मला मान्य करावंच लागेल. नव्याशेजारी ठेवल्यावर नवा अगदी टेबलाच्या पायासारखा दिसत होता.

"साहेब, असा माल आता घडत नाही," गंजूशेठ म्हणाला. "ज्यांनी हा वाकवला ते गेले, त्यांची भट्टी गेली."

"आणि ज्या गाडीला लावला होता ती?" मी दारातून विचारलं.

"वहिनी, गाडीही गेली. पण म्हातारी होऊन गेली हो, अपघातात नाही."

नवरा जुन्यावरून हात फिरवत होता. चेहऱ्यावरून कळत होतं, ठरलंय. "नवा लावला तर कवळी लावल्यासारखं दिसेल," तो म्हणाला. "बाबा, वाजवा."

दोन्ही दांडे छताच्या तुळईला साखळीने टांगले. बाबांनी हातोडी घेतली. आधी नवा. एकच ठोका, आणि टंऽऽ असा आवाज शेडभर पसरला, पत्र्यांत घुमला, बराच वेळ विरेना. माझ्या कडेवर टिटवी होती, तिने मान वर करून छताकडे बघितलं. मग जुना. ठोका पडला. ठप्प. कणकेच्या गोळ्यावर मारावा तसा. टिटवीने माझ्याकडे बघितलं, पुढचा आवाज कुठे गेला असं विचारल्यासारखं.

बाबांनी डोळे मिटले होते. दुसऱ्या हाताची बोटं त्यांनी दांड्याला लावली, थोडा वेळ तसेच थांबले. मग खिशातून खडू काढला आणि जुन्यावर बरोबरची खूण केली.

"स्वच्छ आहे," ते म्हणाले.

नवऱ्याने टाळी वाजवली. गंजूशेठने नवा दांडा उतरवायला घेतला. मी म्हटलं, "तो राहू दे आठवडाभर, रंगाला जुळवून बघतील." कुठल्या रंगाला, काय जुळवणार, मलाही माहीत नव्हतं. पण तो राहिला.

त्या दिवसापासून मी विचार करतेय, तिथे आम्ही तीन धडधाकट कानांची माणसं उभी होतो. ठप्प आवाज तिघांनीही ऐकला असणार. पण आमच्यातला एकही जण दांडा ऐकत नव्हता. सगळे बाबांच्या चेहऱ्याकडे बघत होते. इतक्या वर्षांची सवय. बाबा वाजवतात, आणि आपण बाबांना वाचतो. मीसुद्धा मनात म्हटलं, जुनं लोखंड असंच वाजत असेल.

पुढचं दहा मिनिटांत घडलं. बाबा आणि नवरा जुना दांडा साखळीवरून उतरवून बाकावर ठेवायला निघाले. बाबा मागे मागे चालत होते. मी टिटवीला खाली ठेवून गंजूशेठला फाटक उघडून देत होते. चूं, चूं, चूं असा आवाज शेडच्या दिशेने गेला. मी वळले तर टिटवी बाबांच्या अगदी मागे, हात पसरून, आणि बाबा पाऊल मागे टाकताहेत. चूं. तरी टाकताहेत. चूं. मी कशी पोचले ते आठवत नाही. तिचा फ्रॉक धरून ओढलं, ती भोकाड पसरून रडली, आणि बाबा तिथे दांडा धरून गोंधळून उभे. "काय झालं?" ते विचारत होते. "काय झालं तिला?"

मी तिला उचलून घेतलं. फार राग आला होता. एवढ्याशा पोरीच्या पायात मी भोंगा बांधून ठेवलाय, आणि या माणसाला लक्ष देता येत नाही?

दुपारी टिटवीला निजवताना आईचं बोलणं आठवलं. आणि मग एकेक गोष्ट ओळीने येऊन उभी राहिली. कपड्यांचं मशीन संपल्याचं पिकपिक करत राहतं, बाबा शेजारी पेपर वाचत असतात आणि उठत नाहीत. फोन आला की नवऱ्याच्या हातात देतात, "तूच बोल, मला कंटाळा आलाय." टीव्हीवर फक्त मॅच बघतात, त्यातही स्कोअर.

मी स्वयंपाकघरात गेले. बाबा ओट्याकडे पाठ करून खुर्चीवर बसले होते. मी दोन हात अंतरावर उभी राहून, नेहमीच्या आवाजात विचारलं, "बाबा, चहा ठेवू?" काही नाही. थोडं मोठ्याने, "बाबा, तुम्हाला ऐकू येतंय ना?" खिडकीच्या काचेत माझी सावली हलली असेल. ते वळले, हसले आणि म्हणाले, "हो, हो."

मी चहा ठेवला. दुसरं काय करणार?

नवऱ्याला सांगून बघितलं. तो म्हणाला, "तुला कपबशीतसुद्धा तडा दिसतो. वयाप्रमाणे थोडं होतंच. आणि बाबांनी खूण केली आहे." मग जरा थांबून, "हे त्यांना बोलू नकोस. आईनंतर एवढं एकच उरलंय त्यांच्याकडे."

त्याचं खोटं नव्हतं, म्हणूनच मी अडकले. खूण खोटी आहे म्हणावं, तर बाबा पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसतील. गप्प बसावं, तर माझी मुलगी त्या दांड्याच्या गाडीत बसून रस्त्यावर जाईल. संध्याकाळपर्यंत मी दोन्हीकडची कारणं मांडत राहिले. शेवटी वाटलं, नवऱ्याच्या माघारी बाबांशीच बोलावं. माझ्या काळजीला निदान त्यांनी कधी हसण्यावारी नेलं नव्हतं.

सोमवारी नवरा ऑफिसला गेला, टिटवी झोपली. मी शेडमध्ये गेले, हातोडी उचलली, आणि टांगून राहिलेल्या नव्या दांड्यावर ठोका मारला. टंऽऽ. मग बाकावरच्या जुन्यावर. ठप्प. बाकावर तर काहीही ठप्पच वाजणार, एवढं पदार्थविज्ञान मलाही आठवलं. म्हणून एकटीने साखळी लावायला घेतली. वर बघितलं तर दारात बाबा.

"पायावर पाडून घेशील," म्हणाले, आणि येऊन दुसरं टोक उचललं.

दोघांनी टांगला. मी त्यांचा हात धरून नव्या दांड्यावर ठेवला आणि ठोका मारला. मग तोच हात जुन्यावर. त्यांच्याकडे तोंड करून, प्रत्येक शब्द सुटा करत म्हणाले, "बाबा, मला हा बसका ऐकू येतो."

त्यांनी माझ्या हातातली हातोडी घेऊन बाकावर ठेवली. मग स्टुलावर बसले.

"आधी पक्षी गेले," ते म्हणाले. "मला वाटलं, कुणी झाड तोडलं असेल. बघायला गेलो तर झाड होतं तिथेच."

"कधी?"

"दीड वर्ष झालं असेल. मग तुझं मशीन गेलं, मग या पोरीचे बूट. काल मी तिला..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "तू ओढलंस तेव्हा कळलं मला. रात्रभर तेच डोळ्यांपुढे होतं."

"मग खूण का केलीत?"

"हाताने चालवत होतो, पोरी. हाताला कळतं थोडं. जुन्यात काही लागलं नाही हाताला. पण नव्यात तरी कुठे फार लागलं होतं? मला दोन्ही सारखेच. आणि तुम्ही सगळे माझ्या तोंडाकडे बघत होतात." त्यांनी खिशातला खडू काढून उलटसुलट केला. "यार्डात एक खोटी खूण केली नाही कधी. संशय आला की डबा काढायला लावायचो. साहेब शिव्या द्यायचे."

मी विचारलं, "ऐकू येत नसेल तर तडा शोधायचा दुसरा काही मार्ग आहे का?"

ते चटकन उठले. आणि मला पहिल्यांदा बरं वाटलं.

"रॉकेल आहे घरात?"

होतं. कुलपात, सगळ्यात वरच्या फळीवर, टिटवीपासून सात कोस लांब. त्यांनी दांड्याच्या वळणावरचा रंग खरवडून काढला. लोखंडावर फडक्याने रॉकेल चोळलं आणि अर्धा तास तसंच ठेवलं. मग कोरड्या फडक्याने पुसपुसून वाळवलं. खिशातला खडू कुटून त्याची पूड त्या जागेवर चोळली, दांडा पांढरा झाला. "आता मार," म्हणाले. "हळू. पाच-सहा वेळा."

मी मारले. आम्ही दोघं वाकून बघत राहिलो. आधी काहीच नाही. मग पांढऱ्यावर एक काळी रेघ उमटायला लागली, केसासारखी, वळणाच्या पोटातून वर चढत जाणारी. आत मुरलेलं रॉकेल बाहेर येत होतं. बोटभर लांब झाली तेव्हा थांबली. चाक ज्या टोकाला अडकतं त्याच्या चार बोटं अलीकडे.

बाबांनी त्या रेघेवरून नख फिरवलं. मग थोडं बाजूला, काल स्वतःच केलेली बरोबरची खूण होती, ती अंगठ्याने पुसली. एकदा पुसून गेली नाही. फडकं ओलं करून पुन्हा पुसली.

"त्याला मी सांगतो," ते म्हणाले. "तू मधे पडू नकोस."

नवरा संध्याकाळी आला तो सरळ शेडमध्ये. बाबांनी आधी रेघ दाखवली. मग म्हणाले, "हा नको. आणि यापुढे माझ्या एकट्याच्या खुणेवर काही लावायचं नाही. मला ऐकू येत नाही."

नवरा रेघेकडे बघत राहिला. मग माझ्याकडे. मी होकाराची मान हलवली. तो बाबांच्या समोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "म्हणजे आईच्या प्रत्येक बोलण्याला हो म्हणायचात, तेव्हापासून?"

बाबा त्याच्या ओठांकडे बघत होते. "तेव्हा ऐकू यायचं," ते म्हणाले. "तेव्हा भीतीने म्हणायचो."

तो हसला, आणि हसता हसता त्याला तोंड फिरवावं लागलं.

नवा दांडा लागला. टेबलाचा पाय असो, कवळी असो. नवरा त्याला काळा रंग देऊन, जुनाट दिसावा म्हणून घासत बसला. मग आऱ्यांची पाळी आली. पुढची दोन चाकं, चौसष्ट आरे. मी छोट्या पान्याने एकेक आरा वाजवत गेले, बाबांचा तळवा चाकाच्या धावेवर, बाहेरच्या कडीवर होता. मी आवाजावरून सांगायचे, ते हातावरून. दोघांचं जुळलं की खूण. एकोणिसाव्या आऱ्याला मी म्हटलं ठीक आहे आणि त्यांनी मान हलवली, नाही. भिंग लावून बघितलं तर बुडाशी जोड सुटलेला. माझ्याही कानांवर कुणीतरी लक्ष ठेवायला हवं, हे मला त्या दिवशी कळलं.

कानाच्या डॉक्टरांकडे जायला त्यांनी तीन आठवडे लावले. आता दोन्ही कानांत यंत्रं आहेत. घरी येऊन त्यांचं पहिलं वाक्य होतं, "सूनबाई, त्या पोरीचे बूट बदल. डोकं उठलं माझं." मी बदलले नाहीत. पहिली फेरी त्यांनी टिटवीला मांडीवर घेऊन मारली, अंगणातून फाटकापर्यंत, चालण्याच्या वेगाने. त्याच्या पुढे मीच जाऊ दिलं नाही.

हे सगळं लिहायचं कारण वेगळंच आहे. बाबांचं ऐकणं जात होतं आणि आम्हाला कळलं नाही, कारण सासूबाईंनंतर घरात त्यांच्याशी हळू आवाजात बोलणारं कुणी उरलं नव्हतं. आम्ही समोरून बोलायचो, मोठ्याने, घाईत, कामापुरतं. ते ओठ बघून भागवत होते आणि उरलेल्याला हो म्हणत होते. दीड वर्ष. मी रोज त्यांच्या ताटात वाढत होते.

तुमच्याही घरात, नाहीतर शेजारी, असं कुणीतरी असेल. हल्ली फार समजूतदार झालेलं, वाद न घालणारं, सगळ्याला हो म्हणणारं. आज त्यांच्याकडे जा. समोरून नको. पाठीमागे उभे राहा, नेहमीच्या आवाजात काहीतरी विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा.